पाणचक्की दिसली नाही की समज, आलास

डॉक्टर टिपणिसांनी फोनवर सांगितलेल्या पत्त्यावरून आजवर एकही जिवंत माणूस त्यांच्या घरी पोचलेला नाही. मेलेले सहज पोचले असते. कारण डॉक्टर रस्ता सांगतात तो नसलेल्या गोष्टींवरून.

"हे बघ प्रमोद, मोटरवे सोडलास की जुना टोलनाका होता, तिथे डावीकडे घे. मग दोन्ही बाजूंना एल्मची उंच झाडं होती. ती संपली की लोहाराची भट्टी होती, तिथे उजवीकडे. उतार लागेल. उताराच्या शेवटी पाणचक्की दिसली नाही की समज, आलास."

मी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. "डॉक्टर, यातलं सध्या काय काय आहे?"

"सध्या?" पलीकडे डॉक्टर विचारात पडले. "सध्या यातलं काहीच नाही. पण होतं ना! मी काय खोटं सांगतोय?"

त्या पहिल्या खेपेला मी आणि माझी बायको शुभा सकाळी लंडनच्या हॅरोहून निघालो ते थेट वेल्समध्ये शिरलो. तिथून मागे फिरलो आणि पुन्हा वेल्समध्येच शिरलो. तिसऱ्यांदा शिरलो तेव्हा तिथल्या मेंढ्या आम्हाला ओळखायला लागल्या होत्या. पेट्रोल, डब्यातली बाकरवडी आणि आमचा संसार या तिन्ही गोष्टी एकदमच संपायच्या बेतात होत्या. तेवढ्यात हेरिफर्डशरमधल्या कुठल्याशा उतारावर, कुंपणाच्या झुडपांना टेकून, साडीवर पिवळा रेनकोट चढवलेल्या एक बाई उभ्या दिसल्या. त्यांनी ट्रॅफिक पोलिसासारखा हात वर केला.

"या भावोजी," त्या म्हणाल्या. "पत्ता यांनी सांगितलाय असं कळलं, म्हणून दुपारपासून इथे येऊन उभी राहिलेय. आमच्याकडचे सगळे पाहुणे असेच धरून आणावे लागतात."

त्या लीलावहिनी, डॉक्टरांच्या पत्नी.

तर त्या ठिकाणाचं नाव नेदर क्विडली. मी त्याला गाव म्हटलं तर डॉक्टर भर वाक्यात अडवायचे. "गाव नाही. वाडी. गावाला चर्च लागतं. आपल्याकडे चर्च नाही." हे ते अशा तोऱ्यात सांगत, की चर्चनं खूप गळ घातली होती आणि यांनीच स्थळ नाकारलं असं वाटावं. चर्च होतं ते टेकडीपलीकडच्या ग्रेट क्विडलीत. त्या गावाचं नाव काढलं की डॉक्टर नाक मुरडायचे. "ग्रेट कसलं? ओढा तर आमच्याकडे आहे."

ओढा होता खरा. त्याच्या काठानं बोटांवर मोजावीत इतकी घरं, एक लाल टेलिफोन बॉक्स, भिंतीत चिणलेली एक टपालपेटी, आणि बाजारच्या दिवशी येणारी बस. ती बससुद्धा उतारू घेण्यासाठी थांबायची नाही, नुसता दम खायला थांबायची. मोबाईलला रेंज नाही. दुकान नाही. वाडीत माणसांपेक्षा मेंढ्या जास्त होत्या, आणि मेंढ्यांपेक्षा डॉक्टरांकडची माहिती जास्त होती.

डॉक्टर मूळचे मिरजेचे. तरुणपणी इथल्या एका हॉस्पिटलात नोकरीला आले, मग जवळच्या बाजारपेठेच्या गावात जीपी म्हणून उभी हयात काढली, आणि राहायला ही वाडी निवडली. नोकरीभर माणसांच्या नाड्या पाहिल्या. रिटायर झाल्यावर त्यांनी वाडीची नाडी हातात घेतली ती सोडलीच नाही. डोक्याला माकडटोपी, पायात गुडघ्यापर्यंतचे वेलिंग्टन बूट आणि मधल्या सगळ्या जागेत इतिहास, अशी ती साडेसहा फुटी आकृती पावसापाण्यात शेतांमधून हिंडत असायची. (साडेसहा फूट हे माझं माप आहे. शुभा म्हणते पावणेसहा. पण तिनं त्यांना ओढ्याच्या मधोमध उभं राहून व्याख्यान देताना खालून पाहिलेलं नाही.)

त्यांनी त्या अख्ख्या इंग्रजी मुलखावर आपले शब्द बसवले होते. घरं होती ते गावठाण. हद्द म्हणजे शीव. आणि मिसेस हॉब्जच्या गोठ्यामागून निघून, दोन्ही बाजूंच्या काटेरी झुडपांमधून ओढ्याकडे उतरणारी जी चिंचोळी वाट होती, ती पाणंद. "बैलगाडी जाईल एवढीच रुंद," ते म्हणायचे. "जगात कुठेही जा, माणसाला तेवढीच वाट लागते."

शेतांना तर माणसांसारखी नावं. एक हंग्री पीस, कारण तिथे काही पिकायचं नाही. एक विडोज पीस, म्हणजे कुणा विधवेचा तुकडा. ती विधवा कोण, तिचा नवरा कसा गेला, तिच्या दिरानं काय त्रास दिला, हे सगळं डॉक्टर इतक्या पोटतिडकीनं सांगत, की मला त्या दिराला शोधून दोन थोबाडीत द्याव्याशा वाटत. तो जाऊन तीनेकशे वर्षं झाली होती म्हणून वाचला.

"पण आता नावं पडत नाहीत रे," ते हळहळायचे. "या वाडीतल्या जागेला शेवटचं नाव पडलं त्याला दोनशे वर्षं झाली. आता कौन्सिल नुसत्या पाट्या लावतं. पाटी लावणं निराळं. नाव पडायला ते लोकांच्या तोंडात रुळावं लागतं."

आणि त्यांचा काळाचा हिशेब! तो आपल्या कुणाच्या घड्याळात बसण्यातला नव्हता. ग्रेट क्विडलीचं चर्च मी कौतुकानं पाहत होतो. दगडी, काळंकुट्ट, शेकडो पावसाळे खाल्लेलं. डॉक्टर शेजारून म्हणाले, "हे आत्ता आत्ताचं आहे." का? तर वाडी त्याच्याही आधीची. साडेनऊशे वर्षांपूर्वी नॉर्मन राजाचे कारकून मोजणी करत हिंडले, तेव्हा नेदर क्विडलीत एक नांगर, थोडी कुरणं आणि एक पाणचक्की अशी नोंद झालेली. त्यानंतरचं सगळं डॉक्टरांच्या लेखी आत्ता आत्ताचं. त्यांच्या स्वतःच्या घराचं छप्पर आत्ता आत्ताचं, म्हणजे दोन शतकांपूर्वीचं. टेलिफोन बॉक्स तर त्यांना दिसतच नसे, इतका आत्ता आत्ताचा. एकदा शुभानं चहा करताना फ्रीज उघडून विचारलं, "डॉक्टर, हे दूध कधीचं आहे?" डॉक्टर म्हणाले, "आत्ता आत्ताचं." तिनं ते मोरीत ओतलं.

आमच्या हॅरोच्या मंडळानं एकदा त्यांना गणेशोत्सवात व्याख्यानाला बोलावलं. विषय दिला होता, "हृदयविकार आणि आपण." हॉल खच्चून भरला होता, कारण त्या वर्षी मंडळातल्या दोघांची बायपास झाली होती आणि बाकीचे आपला नंबर कधी याचा विचार करत होते. डॉक्टर आले ते स्लाइड प्रोजेक्टर घेऊन. दिवे मालवले. पहिली स्लाइड: गवत.

"हे काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"गवत," हॉल म्हणाला.

"नीट बघा. गवत इथे वीतभर उंच झालंय. इथे घर होतं."

दुसरी स्लाइड: गवत. तिथे दुसरं घर होतं. तिसरी स्लाइड: गवत. तिथे घर नव्हतं, पण का नव्हतं हे फार रंजक होतं. चौथ्या स्लाइडला आमचे खजिनदार पाणी प्यायला बाहेर गेले ते थेट विसर्जनालाच दिसले. शेवटी एक गृहस्थ काकुळतीला येऊन म्हणाले, "डॉक्टर, चढ चढताना छातीत दुखलं तर काय करायचं?"

"तिथेच बसायचं," डॉक्टर म्हणाले. "आणि डावीकडे बघायचं. तिथून विडोज पीस फार सुंदर दिसतं."

पण एक सांगतो. त्या अंधाऱ्या हॉलमध्ये मी शेवटपर्यंत बसलो, आणि गवताच्या बाराव्या की पंधराव्या स्लाइडला मला खरोखर घरं दिसायला लागली. चुलीतून धूर यायला लागला. कुणीतरी दारात कोंबड्यांना दाणे टाकत होतं. असली जादू असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. शुभा म्हणते मला डुलकी लागली होती.

पुढे रस्ता सांगणारी सॅटनॅव्ह आली. मी हौसेनं घेतली आणि डॉक्टरांना गाडीत बसवून निघालो. यंत्रातली बाई म्हणाली, "टर्न लेफ्ट." डॉक्टर तिला म्हणाले, "बाईसाहेब, तिथून जाऊ नये, तिथे गायरान होतं." बाई म्हणाली, "टर्न अराउंड." डॉक्टरांनी तिला गायरानाचा इतिहास सांगायला घेतला. पाऊण तास दोघं एकमेकांना अडवून बोलत होती. शेवटी बाई गप्प झाली ती कायमची. मी ते यंत्र दुकानात परत नेलं. तिथला मुलगा म्हणाला, "यात काही बिघाड नाही, फक्त ते बोलायला तयार नाही."

या सगळ्या भानगडीत लीलावहिनी काय करायच्या? त्या दगडावर बसायच्या.

पाणंद उतरून ओढ्याशी संपते, तिथे त्या कधीकाळच्या पाणचक्कीचं एक जातं काठावर आडवं पडलेलं आहे. आपल्या घरातलं जातं नव्हे. तिघं जण मांडी घालून बसतील एवढी थोरली दगडी तबकडी. वहिनी रोज संध्याकाळी थर्मास आणि चिवड्याचा डबा घेऊन तिथे जाऊन बसायच्या. डॉक्टरांना ते पटायचं नाही.

"अगं, तो ऐतिहासिक दगड आहे."

"असेना. मी तरी कुठे आत्ता आत्ताची आहे?"

 मग डॉक्टर शेजारी उभे राहून पाण्याची पातळी बघायचे, आणि वहिनींनी पुढे केलेला चिवडा न बघता खायचे.

इंग्रज माणूस हवापाण्यापलीकडे बोलत नाही म्हणतात. वाडीतली माणसं तर हवापाण्यावरही काटकसरीनं बोलायची. त्या मिसेस हॉब्ज, मेंढ्या पाळणाऱ्या, दरवाजाएवढ्या रुंद विधवा बाई, दिवसाकाठी चार शब्द बोलायच्या आणि त्यातले तीन कुत्र्याला. पण त्या वाटेनं जाता जाता वहिनींपाशी थांबायच्या. थांबायच्या म्हणजे किती? मी एकदा वरून पाहिलं: कुत्रा कंटाळून घरी गेला, तरी बाई बोलतच होत्या. जे दुखणं डॉक्टरांना दवाखान्यात सांगायला लाज वाटायची ते माणसं वहिनींना ओढ्यावर सांगायची. वहिनींचं इंग्रजी बेताचं. पण ऐकायला इंग्रजी फारसं लागत नाही.

"यांना मेलेली सगळी माणसं नावानिशी ठाऊक आहेत," वहिनी हसून म्हणायच्या. "जिवंतांचं खातं माझ्याकडे."

एका हिवाळ्यात लीलावहिनी गेल्या. फार दिवस पडून राहिल्या नाहीत. ग्रेट क्विडलीच्या पलीकडे कुठेसं क्रिमॅटोरियम होतं, तिथे आम्ही हॅरोची चार माणसं आणि वाडीतली यच्चयावत माणसं होती. वाडीतलं कुणी एक अक्षर बोललं नाही. मिसेस हॉब्जनी डॉक्टरांचा हात हातात घेतला, मेंढीचं वजन करावं तसा एकदा वरखाली केला, आणि सोडून दिला.

आम्ही सगळ्यांनी डॉक्टरांना सांगून पाहिलं. "हॅरोला या डॉक्टर. मंडळ आहे, देऊळ आहे, चार माणसं आहेत, वर्षभर कढीपत्ता मिळतो."

"हॅरो?" डॉक्टर म्हणाले. "हॅरो फार आत्ता आत्ताचं आहे रे. आणि इथलं माझं संशोधन अर्धवट पडलंय. पाणचक्कीचा पाया नक्की कुठवर होता ते कळायचंय. पाण्याची पातळी रोज बघावी लागते."

तेव्हापासून रोज संध्याकाळी डॉक्टर पाणंदीनं ओढ्यावर जायचे आणि अंधार पडला की परत यायचे. मी मंडळात सगळ्यांना सांगत सुटलो की डॉक्टर काहीतरी प्रचंड शोध लावतायत, लवकरच पेपरात येईल. शुभा फक्त म्हणाली, "रोज? एकच पातळी?"

मग एका दिवशी फोन आला. डॉक्टरांचा फोन म्हणजे मी आधी चहा करून घेतो, कारण प्रस्तावनाच नॉर्मन काळापासून असते. पण त्या दिवशी प्रस्तावना नव्हती.

"प्रमोद, पाणंद बंद केली."

"कोणी?"

"पेंबर्टननं. खालचं शेत आणि मिसेस हॉब्जचा गोठा त्यानं विकत घेतला ना गेल्या वर्षी. लंडनचा माणूस आहे. लोखंडी फाटक घातलंय. कुलूप आहे."

"कुलूप?"

"आत्ता आत्ताचं आहे," डॉक्टर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते शब्द मी त्यांच्या तोंडून तुच्छतेशिवाय ऐकले. आवाजच नव्हता त्यांत.

भानगड अशी होती की इंग्लंडात लोकांच्या वहिवाटीच्या पायवाटा कौन्सिलच्या नकाशावर दाखवलेल्या असतात. आणि ही पाणंद त्या नकाशावर नव्हती. ज्या वाडीचा इंच न् इंच डॉक्टरांना पाठ, तिथली ही एकच वाट कुणी नोंदवायची राहिली होती, कारण ती बंद होईल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आता कौन्सिलची अधिकारी जागेवर येऊन बघणार होती. वाट खरोखर लोकांची आहे असं तिला पटलं तर फाटक निघणार, नाहीतर राहणार.

"तू ये," डॉक्टर म्हणाले. "तू त्या वाटेनं चालला आहेस. साक्ष दे."

"मी चाललो नव्हतो डॉक्टर, घसरलो होतो. थेट ओढ्यात."

"घसरलास तो वाटेवरूनच ना?"

मी ऑफिसातून रजा घेतली. शुभानं डबा भरला. त्या वेळी मात्र आम्ही एका खेपेत पोचलो. रस्ता आता आम्हाला आमच्या जुन्या चुकांवरून पाठ झाला होता.

सकाळी सगळे फाटकापाशी जमले. पेंबर्टन हा माणूस वाईट नव्हता, हे कबूल करायला हवं. हसतमुख, नम्र, पायात इतके नवेकोरे वेलिंग्टन की त्यांना चिखल लावायला चिखलालाच संकोच वाटावा. कौन्सिलच्या बाई छत्री आणि नकाशा सांभाळत उभ्या होत्या. वाडीतली सगळी माणसं झुडपांना लागून रांगेनं उभी होती आणि अर्थातच कुणीही बोलत नव्हतं. मिसेस हॉब्ज कुत्र्यासकट.

पेंबर्टननं कुलूप काढलं आणि आम्ही सगळे पाणंद उतरलो. पुढे डॉक्टर, काखेत नकाशांच्या सुरळ्या. त्यांनी सुरुवात केली. नॉर्मन कारकून आले, नांगर आला, कुरणं आली, विधवा आली, तिचा तो दीर आला. कौन्सिलच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. माझा अंदाज, अर्धी सकाळ ऐकून घेतलं. दगडापाशी पोचल्यावर पेंबर्टन म्हणाला, "डॉक्टरांबद्दल मला आदरच आहे. पण माझं म्हणणं एवढंच आहे की ही वाट कुठेच जात नाही. बघा ना. इथे पूल नाही. पलीकडे रस्ता नाही. एकही घर नाही. एक दगड आहे आणि ओढा आहे. जी वाट कुठेच जात नाही तिच्यावरून लोक कशाला जातील?"

बाई डॉक्टरांकडे वळल्या. "मुद्दा बरोबर आहे, डॉक्टर. लोकांची वाट म्हटली की तिच्या शेवटी लोकांनी जावं असं काहीतरी असायला लागतं. ही वाट कुठे जाते?"

"पाणचक्कीला," डॉक्टर म्हणाले.

"कुठे आहे ती?"

"इथे होती."

"कधी?"

"दोनशे वर्षांपूर्वीपर्यंत."

"आणि त्यानंतर? आत्ता लोक इथे कशासाठी येतात?" बाईंनी जरा मऊ आवाजात विचारलं. "तुम्ही कशासाठी येता, डॉक्टर?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं. "पाण्याची पातळी..." ते म्हणाले, आणि थांबले. माकडटोपी काढली. पुन्हा घातली. काखेतली एक सुरळी निसटून चिखलात पडली, तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ते दगडाकडे बघत होते. गवतावर तासन्‌तास बोलणारा तो माणूस, यंत्रातल्या बाईला गप्प करणारा तो माणूस, तिथे उभा होता आणि त्याला एक शब्द सापडत नव्हता. त्याच्याजवळचं सगळं उत्तर 'होतं' या शब्दात संपत होतं, आणि बाई विचारत होत्या 'आहे' काय.

तेव्हा कुठे मला कळलं की संशोधन कसलं चाललं होतं. शुभाला केव्हाच कळलं होतं. ती दुसरीकडे बघत होती.

पेंबर्टन खाकरला. बाईंनी नकाशाची घडी घालायला घेतली.

"लीलाज स्टोनला जाते," मागून आवाज आला.

सगळे वळले. मिसेस हॉब्ज कुत्र्याकडे बघत होत्या.

"काय म्हणालात?" बाईंनी विचारलं.

"ही वाट. लीलाज स्टोनला जाते. सगळ्यांना माहीत आहे."

बाईंनी नकाशा पुन्हा उघडला, बोट फिरवलं. "इथे असं काही नाव नाही."

"नकाशात नसेल," मिसेस हॉब्ज म्हणाल्या. "इथे आहे."

आणि मग त्या मुक्या वाडीला वाचा फुटली. पोस्टातून रिटायर झालेला म्हातारा म्हणाला, त्याचा कुत्रा गेला त्या दिवशी तो लीलाज स्टोनवर येऊन बसला होता. वरच्या घरातली बाई म्हणाली, बहिणीचा फोन येऊन गेला की ती इथेच येते, नाहीतर घरातली भांडी फुटतात. एक धिप्पाड शेतकरी, ज्याला मी तोवर जन्मतः मुका समजत होतो, म्हणाला, "मीही येतो." कशासाठी ते त्यानं सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. कुणाचंही वाक्य एका श्वासापेक्षा लांब नव्हतं. हवेबद्दल बोलावं तितक्याच कोरडेपणानं प्रत्येक जण बोलला आणि बोलून झाल्यावर बुटांकडे बघायला लागला.

"पण मी वर्षभर इथे आहे," पेंबर्टन गोंधळून म्हणाला. "डॉक्टरांशिवाय कुणालाच मी इथे पाहिलं नाही."

"तुम्ही उशिरा उठता," मिसेस हॉब्ज म्हणाल्या. "आम्ही सकाळी येतो. संध्याकाळी नाही येत."

"का?"

मिसेस हॉब्जनी कुत्र्याचा पट्टा हाताला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

"संध्याकाळ डॉक्टरांची आहे," त्या म्हणाल्या.

 डॉक्टर मिसेस हॉब्जकडे बघत राहिले. या वाडीच्या प्रत्येक धोंड्याचं, प्रत्येक तुकड्याचं नाव कुठून आलं ते या माणसाला ठाऊक होतं. आणि त्याच्या नाकासमोर, रोज सकाळी, एका दगडाला नाव पडलं होतं, ते तेवढं त्याच्या कानावर आलं नव्हतं. कारण सगळी वाडी तो येण्याच्या वेळी पाय न वाजवता घरात बसून राहत होती.

"तुम्ही... कधीपासून म्हणता असं?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

"पहिल्यापासून," मिसेस हॉब्ज म्हणाल्या.

आता, पहिल्यापासून म्हणजे वहिनी जाऊन जेमतेम तीन वर्षं झालेली. आणि ग्रेट क्विडलीच्या चर्चच्या पाद्र्यानं एका खिडकीच्या काळात चाळीस वर्षांची चूक केली म्हणून याच डॉक्टरांनी त्याच्याशी बोलणं टाकलेलं मला माहीत होतं. मी श्वास रोखून त्यांच्या 'आत्ता आत्ताचं'ची वाट बघत होतो. आता म्हणतील, मग म्हणतील.

डॉक्टर काही म्हणाले नाहीत. त्यांनी नुसती मान हलवली, एखादी जुनी, पक्की नोंद मान्य करावी तशी. मग वाकून चिखलातली सुरळी उचलली आणि आयुष्यात प्रथमच त्या ऐतिहासिक दगडावर बसले.

शुभानं पिशवीतून डबा काढला आणि झाकण उघडून पुढे धरला. चिवडा होता. पेंबर्टननंसुद्धा घेतला.

कौन्सिलचं काम कौन्सिलच्या गतीनं झालं. नॉर्मनांनी अख्खं इंग्लंड त्याहून लवकर मोजलं असेल. पण फाटकाला कुलूप परत लागलं नाही, आणि वर्ष उलटता उलटता फाटकही निघालं. पेंबर्टन हल्ली लवकर उठतो म्हणतात.

परवा डॉक्टरांचा फोन आला. मी चहा करून घेतला आणि पेन हातात धरलं, सवयीनं.

"या आता एकदा दोघं. आदल्या रात्री निघा म्हणजे सकाळी इथे याल. टोलनाका होता तिथे डावीकडे घे. एल्मची झाडं होती ती संपली की भट्टी होती, तिथे उजवीकडे. उतार उतरलास की लीलाच्या दगडापाशी थांब. मी तिथेच असेन."

"डॉक्टर," मी म्हटलं, "यातलं सध्या काय काय आहे?"

"दगड आहे," डॉक्टर म्हणाले.  "आणि हे बघ, शुभाला सांग, चिवडा जरा जास्त आण. सकाळी तिथे माणसं असतात."